ओठांत धरलेले केस

सुईच्या आकड्यात एकच केस अडकला होता आणि एकच हवा होता — जाळीच्या एका भोकात एक केस, एका केसाला एक गाठ — तरी सुई मघापासून त्याच भोकाशी हटून बसली होती, आत जाईना की बाहेर येईना, आणि तिला कळत होतं की दोष सुईचा नाही, हाताचा आहे. हात गाठीगणिक टेबलाच्या कडेपर्यंत जात होता, तिथे चपट्या दगडाखाली दाबून ठेवलेल्या झुबक्यातून पुढचा केस ओढून आणत होता, आणि तेवढ्या फेरीत डोळ्यांची जागा चुकत होती. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी तो झुबका तिच्या ओठांत असायचा — डाव्या कोपऱ्यात, हलकेच धरलेला, टोकं ओली, एकेक केस जिभेनेच सुटा करून पुढे द्यायचा — हात आणि तोंड यांच्यामध्ये वीतभरही अंतर नसायचं. इथे सगळ्याच जणी तसं करतात. ओल्या टोकाची गाठ घट्ट बसते असं मावशी म्हणते, आणि केसांच्या टोपांच्या कामात मावशी म्हणेल ती पूर्व दिशा.

"तोंड आलंय का गं?" मावशीने समोरून विचारलं. मावशी कुणाचीच मावशी नव्हती. कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई, एवढंच. तिच्या स्वतःच्या ओठांत पांढरे केस होते, कुणा नटाच्या म्हातारपणाचे, त्यामुळे शब्द गाळून गाळून येत होते.

"नाही. असंच."

"असंच म्हणे. गोगलगाय तुझ्यापुढे निघून जाईल आज."

ती हसली. हसायला हवं होतं म्हणून हसली. मुलीला दवाखान्यातून घरी आणल्यापासून तिने केस तोंडात धरला नव्हता. शपथ वगैरे काही घेतली नव्हती, पण झुबका ओठांजवळ नेला की ओठ आपोआप आवळले जायचे, कडू औषध बघून लहान मूल आवळतं तसे. मालकीणबाई अजून काही बोलल्या नव्हत्या. बोलतील. कपाळावरची रेघ भरायचं काम — जिथे केस कातडीतूनच उगवल्यासारखे दिसायला हवेत ते — साऱ्या कारखान्यात तिच्याइतकं कुणाला जमत नव्हतं, आणि त्या जोरावर आणखी काही दिवस निभावून जाईल. ओळीने मांडलेली लाकडी डोकी खिडकीकडे तोंड करून बसली होती. काहींना केस होते, काहींना फक्त जाळी. त्यातलं शेवटचं, लहान मापाचं, तिने सकाळी आल्या आल्या उलटं फिरवून ठेवलं होतं.

सोमवारी शाळा आहे.

हे तिला कुणी सांगायला नको होतं, तरी ठकीने सकाळी सांगितलंच. ठकी तिची मुलगी. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. तान्ही असताना ठेवू तिथे बाहुलीसारखी ताठ बसून राहायची म्हणून बापाने ठकी म्हटलं, आणि सातवीत गेली तरी ते सुटलं नाही. डोक्याला रुमाल बांधून ती सुपाचा कप दोन्ही हातांत धरून बसली होती, पोटावरचा टाका ओढला जाऊ नये म्हणून जराशी वाकून.

"आई, करशील ना?"

"बघू."

"बघू म्हणजे नाही."

"बघू म्हणजे बघू, ठके."

"मी तशी जाणार नाही. रुमाल ओढतात ती मुलं. टोपी पण ओढतात. तू केलेलं कधी कुणी ओढलं नाही, कारण कुणाला कळलंच नाही." मग कपात बघत, अगदी हळू, "मी नाही गं खाणार. खरंच."

 ती पिशवी उचलून जिना उतरली होती. त्या 'खरंच'चा तिला राग आला होता, इतका की दोन चौक ओलांडेपर्यंत कानशिलं तापलेली होती… कारण हे खरंच तिने आधी ऐकलं होतं. कंगव्यात जातात गं आई, खरंच. पोट भरलंय, खरंच. आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? घरात केसाची एकही वस्तू नको. कंगव्यातलं गुंतवळ तिथल्या तिथे टाका. टोप तर नकोच, खरा नको आणि नकलीही नको. केस पचत नाही हो, तो आत राहतो, पुढचा येऊन त्याला मिळतो, आणि पुन्हा झालं तर पुन्हा पोट उघडावं लागेल, दर वेळी ते इतकं सरळ होईलच असं नाही. बाई चांगल्या होत्या. समजावून सांगत होत्या. पण सोमवारी पोरीने डोक्यावर काय घालायचं हे त्यांच्या विषयात येत नव्हतं.

सुई आत गेली. गाठ बसली. पुढचं भोक.

शस्त्रक्रिया झाली त्या दिवशी बाईंनीच विचारलं होतं, बघायचंय का तुम्हाला? नवरा खिडकीकडे वळला — इतकी वर्षं बस चालवणारा माणूस, रस्त्यावर काय काय बघितलेलं, पण वळला. तिने बघितलं. स्टीलच्या पसरट भांड्यात ते ठेवलं होतं… काळं, ओलसर, घट्ट, पोटाचा साचा घेतलेलं, एका बाजूला फुगीर आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होत गेलेली शेपटी, जी आतड्यात उतरली होती. ठकीचे केस तपकिरीकडे झुकणारे. आत गेल्यावर सगळे काळे होतात, बाई म्हणाल्या. मग त्यांनी चिमट्याने एका कडेला काहीतरी उचललं. हे मात्र केस नाहीत, जाळीसारखं काहीतरी दिसतंय, कशाचं असेल?

नखाएवढा तुकडा. त्यावर तिच्या गाठी होत्या. रांगेत, जशाच्या तशा, एकही सुटलेली नव्हती — आणि त्या क्षणी, ठकी पलीकडे भूल उतरण्याची वाट बघत पडलेली असताना, तिला पहिल्यांदा वाटला तो अभिमान. पोटात राहून सुटली नाही माझी गाठ. अर्धा क्षण, त्याहून कमी. पण वाटला तो वाटला, आता तो परत कुठे नेऊन ठेवणार? मग तिने बाईंना सगळं सांगितलं, न थांबता, धाप लागल्यासारखं: मी टोप करते. माझ्या आहेत त्या गाठी. हिच्या डोक्याला चट्टा पडला होता म्हणून मीच चकती करून दिली होती.

कारण तिला ते सोपं वाटलं होतं. दुसरी कुठली आई असती तर मुलीच्या टाळूमागे रुपयाएवढी मोकळी जागा दिसल्यावर घाबरली असती, चार दवाखाने पालथे घातले असते, शाळेत जाऊन विचारलं असतं. हिने मलम आणलं, गोळ्या आणल्या, आणि मग मनात म्हटलं, हे तर माझ्या डाव्या हातचं काम. कारखान्यात उरलेल्या केसांतून ठकीच्या रंगाचा झुबका निवडला, जाळी कापली, दोन संध्याकाळी बसून चकती केली, आतून बारीक चाप लावले. ठकी आरशात बघून नाचली. शाळेतल्या बाईंना कळलं नाही, शेजारणीला कळलं नाही, सख्ख्या बापाला कित्येक दिवस पत्ता लागला नाही. चकती विरळ व्हायची; रात्री उशीवर घासत असेल, ती म्हणायची, आणि दर रविवारी पुन्हा भरून द्यायची… दर रविवारी, रेडिओ लावून, ओठांत झुबका धरून, पोरीच्या शेजारी बसून. पोरगी वाळत चालली होती. दोन घास खाऊन ताट सारायची, पोट भरलंय म्हणायची. आणि भरलेलंच होतं की. तेवढ्यापुरती ती खोटं बोलत नव्हती.

आणि त्याच्याही आधी कधीतरी — की नंतर? हा क्रम तिला काही केल्या लागत नव्हता, आणि तो लागला तर सगळं समजेल असं उगाच वाटत राहायचं — सुटीच्या दिवसांत ठकी स्टुलावर बसून गाठ शिकत होती. ओठांत धर. तिथे नाही, कोपऱ्यात. जिभेने सुटा कर. गिळायचा नाही हं, असं ती म्हणाली होती, आणि दोघी हसल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, त्यामुळे झालं असं नाही, मुलं अनेक कारणांनी केस उपटून खातात, यात कुणाचा दोष नसतो. नवऱ्याने सुस्कारा सोडला. तिला मात्र ते नको होतं. दोष माझा असता तर मी तो सुधारला असता. उसवून पुन्हा विणला असता. कुणाचाच नाही म्हटल्यावर धरायचं कुठे?

"अगं, हाक मारतायत तुला," मावशी म्हणाली.

मालकीणबाईंच्या काचेच्या खोलीत एक गिऱ्हाईक आरशासमोर बसलं होतं. शिक्षिका. मोठ्या आजारातून उठलेली, भुवया पेन्सिलीने काढलेल्या. टोप हिनेच भरलेला, म्हणून बसवायलाही हिलाच बोलावलेलं. तिने तो मागून पुढे ओढला, कानांजवळ जुळवला, कपाळाची रेघ बोटाने दाबून बसवली, आणि बाजूला झाली. शिक्षिका खूप वेळ बघत राहिली. मग एक हात वर गेला आणि घाबरत घाबरत केसांवरून फिरला.

"कळतच नाही हो," ती म्हणाली. डोळे पुसताना तिची पेन्सिलीची एक भुवई पुसट झाली. "कुणालाच कळायचं नाही."

"नाही कळणार," मालकीणबाई म्हणाल्या. "बोटांत जादू आहे हिच्या."

शिक्षिकेने आरशात बघतच मागे तिचा हात चाचपला, आणि मग वळून तो धरला. तिला तो सोडवून घ्यावासा वाटला. ही बाई रडतेय ते बरंच आहे, हिचं भलं झालंय, उद्या ही रस्त्यावरून ताठ चालेल. आणि तरी हिला सांगावंसं वाटत होतं की बाई, कळू द्या हो कुणाला तरी. एखाद्याला तरी कळू द्या. ती "काळजी घ्या" म्हणाली आणि जागेवर परत आली.

जेवणाच्या सुटीत बाकीच्या डबे उघडून बसल्या. ती हात धुवायला गेली. मोरीच्या खोलीला कडी लावली, नळ सोडला, आणि एप्रनला चिकटलेला एक केस काढून उजेडात धरला. लांब, तपकिरी, कुणाचा कोण जाणे. कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं की हे ती का करतेय. बघावं म्हणून. पोरीला नऊ महिने पोटात वाढवलं, तिच्या तापात रात्री जागवल्या, आणि तिच्या तोंडात काय चाललेलं असतं तेवढं मात्र मला ठाऊक नाही, हे कसं चालेल.

केस ओठांतून आत गेला. चव नव्हतीच. मग जिभेने तो शोधला, दातांमागे नेला, गोल फिरवला… इतक्या वर्षांची सवय असलेली जीभ, तिला केसाशी खेळायला शिकवावं लागत नव्हतं, फक्त पुढे द्यायच्या ऐवजी मागे न्यायचा होता. पुढच्या दातांत तो बारीक कट्ट झाला. पुन्हा एकदा. आणि डोक्यात सकाळपासून जो कलकलाट चालू होता — सोमवार, चकती, पोट उघडणं, खरंच, बघू — तो एकाएकी खाली बसला. नळाचं पाणी पडत होतं, त्याचा आवाज छान होता. खांदे सैल झाले. तिने गिळला.

तो घशात अडकला. वर येईना, खाली जाईना. ती खोकली, बोट घातलं, ओंजळीने पाणी प्याली, डोळ्यांत पाणी आलं. घशाच्या मागे कुठेतरी ते टोचणं राहिलं. पण ती भिंतीला टेकून उभी राहिली ती त्यामुळे नाही. एका केसाने कुणी मरत नाही. ती घाबरली होती कारण बरं वाटलं होतं. दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या एका ताईंनी ठकीला विचारलं होतं, केस खातेस तेव्हा काय वाटतं गं तुला? आणि ठकी म्हणाली होती, बरं वाटतं. हिने तेव्हा नवऱ्याकडे बघून मान हलवली होती — ऐका, बरं वाटतं म्हणे!

"अडकलं का काही घशात?" ती परत आली तेव्हा मावशीने डब्यावरून मान वर न करता विचारलं.

"मावशी, काय करू मी? करून देऊ का तिला?"

मावशीला सगळं ठाऊक होतं. कारखान्यात सगळ्यांनाच होतं. तिने घास संपवला. "दे करून. पोर घरात कोंडून बसली तर दुसरंच काहीतरी होऊन बसेल."

"आणि खाल्लं तर?"

"लक्ष ठेव."

"किती ठेवू? शाळेत मी आहे का? अंथरुणात? डोळा लागला माझा तर?"

मावशीने डबा बंद केला. झाकण नीट बसलं की नाही ते दाबून बघितलं, पुन्हा उघडलं, पुन्हा बसवलं.  "चल, उजेड आहे तोवर कामाला लागू," ती म्हणाली, आणि पांढरे केस उचलून तिने ओठांत धरले.

दुपारभर ती काम करत राहिली. वेग आला नाही. निघायच्या आधी मात्र तिने उलटं फिरवलेलं ते लहान डोकं सरळ केलं आणि त्यावर जाळी ताणून कात्री फिरवली. माप बघायची गरज नव्हती, ठकीचं डोकं तिला डोळे मिटून येत होतं. केस घेतले नाहीत. नुसती जाळी तर आहे, जाळीला काय होतंय, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि सांगता सांगताच तिला तो चिमट्यात धरलेला तुकडा दिसला. तरी तिने जाळीची घडी करून ती पिशवीत टाकली.

घरी नवरा बूट घालून दारातच तयार होता. तिची येण्याची आणि त्याची रात्रपाळीला जाण्याची वेळ एकच पडायची. त्याने दवाखान्यातून आल्यावर मिशी काढून टाकली होती. कंगवे कपाटावर, ब्रश कुलपात, मोरीच्या जाळीवर कापड बांधलेलं. जे हातात होतं ते सगळं त्याने केलं होतं, आणि मिशीशिवाय त्याचा वरचा ओठ इतका उघडा दिसायचा की त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसलो होतो," तो हळूच म्हणाला. "नाही काही केलं. मला तरी दिसलं नाही." आणि जिना उतरून गेला.

ठकी खिडकीशी बसली होती. बाहेर अजून उजेड होता, खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. पिशवी ठेवताना घडी सरकून बाहेर आली आणि ठकीने ती बघितली. ती पोट धरून उठली, जाळी उचलून हाताच्या पंजावर पसरली.

"केस?"

"नाहीत. मी अजून ठरवलं नाहीये, ठके."

ठकीने मान हलवली. मग तिच्यासमोर येऊन उभी राहिली, अगदी जवळ, आणि म्हणाली, "मी रोज दाखवीन. शाळेतून आल्यावर. तू रोज बघत जा," आणि कुणी न सांगता तिने तोंड उघडलं. मोठ्ठं. डोळे मिटून, दवाखान्यात शिकली होती तसं, जीभ बाहेर काढून.

तिने हनुवटी धरली. उजेडाकडे वळवली. दात — मागचा एक अजून अर्धाच वर आलेला — गुलाबी जीभ, टाळू, मध्ये थरथरणारी पडजीभ. तिच्यामागे काळोख. ती बघत राहिली. आणखी वाकून बघितलं. पडजिभेच्या पलीकडे काही दिसत नव्हतं, कितीही वाकलं तरी दिसणार नव्हतं. तिने हनुवटी सोडली.

"आहे काही?"

"नाही."

"बघ. खरंच म्हणाले होते ना मी." ठकीचा चेहरा उजळला होता, कित्येक दिवसांनी. आणि मग, जरा लाडात, जरा चेष्टेत, "आता तू. आ कर."

"माझं काय बघायचंय?"

"आ कर ना!"

तिने तोंड उघडलं. नाही म्हणण्यासारखं कारण तिला सापडलं नाही. ठकीने दोन्ही हातांनी तिचे गाल धरले, डॉक्टरीणबाईंसारखे डोळे बारीक केले, आणि बघू लागली. घशामागचं ते टोचणं अजून तिथेच होतं. ती श्वास रोखून उभी होती, शिक्षा झालेल्या पोरीसारखी. ठकीचा श्वास तिच्या ओठांवर येत होता. सुपाचा वास होता त्याला, आणि औषधाचा. 

"काही नाहीये," ठकी म्हणाली.

"नाहीच आहे," ती म्हणाली.

किती सहज आलं ते तोंडातून. खोटं बोलतोय असं वाटलंसुद्धा नाही. पोरीच्या हातांतून गाल सोडवून घ्यावे इतकं ते साधं होतं, इतकं जवळचं… आणि लगेच तिने आत कुठेतरी त्या रागाला हात घातला, सकाळचा, दवाखान्यातला, ज्याला धरून ती इतके दिवस उभी होती, पोरीने मला फसवलं असं म्हणून घट्ट धरता यायचं त्या रागाला — तो तिथे नव्हता. तिने पुन्हा शोधला. नव्हताच.

"मग सोमवारी?" ठकीने विचारलं. जाळी अजून तिच्या पंजावर पसरलेली होती. ती उत्तराची वाट बघत होती, आणि आईकडे तिला द्यायला आता रागसुद्धा उरला नव्हता.